रोगी आमचे मालक

काळ्या कापडाचा ताका उलगडला की अजून रेल्वेतले ते गोवेकर गार्ड आठवतात. रोग्यांची सेवा करणाऱ्या जुन्या ख्रिस्ती सरदारांच्या पंथातले ते. पांढऱ्या क्रुसाच्या काळ्या झग्यासाठी दुर्गदबैल बाजारात आमच्या कापडदुकानी यायचे. ते आणि त्यांचे दोघे पंथबंधू दर रविवारी हुबळीच्या इस्पितळात जात. "रोगी आमचे मालक," म्हणत. मला ते नाटकी वाटे.

मग माझे वडील, अप्पाच, आजारी पडून तिथं दाखल झाले. गार्डांनी चांदीच्या वाटीतून पेज आणली. किरिस्तावाच्या हातची म्हणून अप्पांनी तोंड फिरवलं. गार्ड रागावले नाहीत. मला घरची पेज आणायला सांगून गुडघ्यांवर बसले, अप्पांचे पाय चेपत.

तिसऱ्या रविवारी अप्पा मला म्हणाले, "तू सरक." मग गार्डांकडे वळून, "अण्णा, तुमचीच पेज आणा. तुम्हीच भरवा."

"हुकूम, मालक," ते म्हणाले खरे, पण भरवताना निम्मी पेज उशीवरच सांडली.