शेवग्यावर टांगलेला पट्टा

आमचे हे कल्याणच्या कचेरीत कारकून होते, तेव्हा मी नुकती लिहावाचायला शिकले होते आणि स्वतःला कलेक्टरीणबाई समजत होते. मामलेदारांच्या घरी पाणी भरायला कचेरीचाच एक पट्टेवाला येई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विहिरीशी आला की तो पितळी बिल्ल्याचा पट्टा उतरवी, फडक्याने पुसून शेवग्याच्या फांदीला अडकवी आणि मगच रहाटाला हात घाली.

एकदा मी त्याला गाठलंच. “सरकारी माणूस कुणी घरकामाला लावला, तर वर कळवायचं असा हुकूम आहे. यांनीच सांगितलं मला. तुम्ही कळवत का नाही?”

“सरकार त्या झाडावर आहे, वहिनीसाहेब,” तो गंभीरपणे म्हणाला. “पाणी मी भरतोय.”

“थट्टा नको. अर्ज मी लिहून देते!”

“द्या की. पण अर्ज जाणार मामलेदारसाहेबांकडेच, आणि नेऊन देणार मी. तेव्हा पट्टा घालावा लागेल, तो शेवटचाच. मग माझी पोरं काय खातील, तेही लिहा त्यात.”

मी वरमले, पण हटले नाही. अन्याय तो अन्यायच, असं बरंच काही त्याला ऐकवलं. त्याने ते ऐकून घेतलं, पोहरा वर ओढला आणि अदबीने विचारलं, “मग तुमच्याकडचे हंडेही आजपासून बंद ना?”

कलेक्टरीणबाई म्हणाल्या, “आज पुरणाचा स्वयंपाक आहे हो. आजचे भरा. तक्रारीचं उद्या बघू.”

आमची ठाण्याला बदली झाली, तरी ते उद्या काही उजाडलं नाही.