विसण

धाकट्या बहिणीने गाडी घेतली तेव्हा मला आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं. माझ्या पोटात दुखलं. पुण्यातली बँकेची नोकरी वेळेआधी सोडून बाईसाहेबांनी एका शाळेची जुनी बस घेतली आणि तिच्यात झोपायला बाकडं, स्वयंपाकाचा ओटा, मागे मोरी, असं चाकांवरचं घर करायला निघाल्या. काम कुठे करायचं? तर खोपोलीजवळ चौक गावात, आमच्या गॅरेजमध्ये. करणार कोण? माझा नवरा.

इथवर मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी चहा पिताना ती आईला म्हणाली, "आई, गाडी झाली की तुला घेऊन जाते. समुद्राच्या कडेकडेने पार गोव्यापर्यंत. चांगले दोन-तीन महिने."

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. तिचं जेवण, औषधं, गुडघ्यांना तेल, सगळं मी करते. सकाळची आंघोळ तर माझ्याच हातची. तेव्हा मी कप तसाच धरून आईच्या तोंडाकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "मी कुटं येऊ गं? सकाळी कढत पानी पाठीवर पडल्याबिगर माजं गुडघं हलत नाय."

हुश्श! माझ्या चुलीवरच्या पातेल्याचे मी मनातल्या मनात पाय धरले.

"मग गाडीतच गरम पानी करू की," माझा नवरा म्हणाला.

कुणी विचारलं होतं का याला? आमच्या न्हाणीत गिझर लावा, गिझर लावा, सांगून माझी जीभ झिजली. दरवेळी उत्तर एकच, "लावू की." मी आपली रोज मागच्या अंगणात चूल पेटवते, पातेलं तापवते आणि बादली वाहून न्हाणीत नेते. आणि मेव्हणीची गाडी म्हटल्यावर मात्र एरवी न सापडणारे पाने याला डोळे मिटून सापडायला लागले. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर ताटकळत उभ्या आणि हा सकाळपासून त्या बसखाली आडवा!

बहिणीने गॅसचा गिझर आणला होता. तो त्याने तिथल्या तिथे परत करायला लावला. "बंद डब्यात गॅस नको. गुदमरून मरशीला," म्हणाला. मग स्वतःचीच युक्ती काढली. इंजिनातलं तापलेलं पाणी तांब्याच्या वेटोळ्या नळीतून फिरवायचं, ती नळी स्टीलच्या टाकीत बसवायची, म्हणजे गाडी चालली की टाकीतलं पाणी आपोआप तापेल. ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने मला इतक्यांदा समजावलं की शेवटी मी म्हटलं, "अहो, कळलं. आता आमच्या न्हाणीचं काय?"

"लावू की," तो म्हणाला.

आई खुर्ची टाकून गॅरेजच्या सावलीत बसायची. वाटेने जाणाऱ्या बाईला थांबवून सांगायची, "माजी धाकटी. मला न्यायला गरम पान्याची गाडी करते हाय." सांगताना चेहरा असा फुललेला! आणि कुणी माझ्याबद्दल विचारलं तर, "थोरली ना? हाय की घरात." बस, एवढंच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. त्या दिवसांत मी भांडी जरा जोरातच आपटत होते.

काम झालं त्या दिवशी बहीण खोपोलीपर्यंत फेरी मारून आली. नवऱ्याने नळ सोडला तर वाफाळतं पाणी आलं. आई हरखून म्हणाली, "मी आत्ताच आंगोळ करते."

सकाळी माझ्या हातची झालेली होती, बरं का!

बहीण तिला धरून मोरीत घेऊन गेली. मी पायरीवर तांदूळ निवडायला बसले. म्हणजे ताट मांडीवर आणि कान गाडीत. जरा वेळ दोघींचं खुसखुस हसणं आलं. मग पाणी सोडल्याचा आवाज, आणि लगेच आईची किंकाळी.

"अगं आय गं! मेले! मेले!"

मी धावले. काय झालं होतं ते दारातूनच कळलं. बहिणीने हौसेने वर फवारा लावला होता. पाइपात राहिलेलं गार पाणी आधी आईच्या डोक्यावर आलं आणि पाठोपाठ चटका देणारं. आईने जन्मात कधी पहिलं पाणी डोक्यावर घेतलेलं नाही. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघे, मग पाठ, आणि डोकं न्हायच्या दिवशीच. ही आमच्या घरची रीत. पण ज्यांनी ती रोज पाळली त्यांना ती माहीत असणार, पाहुण्यासारखं येणाऱ्यांना कुठून?

"थोरलीला बोलव गं!" आई आतून ओरडत होती. "तिला ठावं हाय!"

काय सांगू, मला उकळ्या फुटल्या. घरातून आमची बादली आणि तांब्या घेतला आणि ताठ मानेने गाडीत चढले. "सर बाजूला," बहिणीला म्हटलं. त्याच टाकीचं कढत पाणी बादलीत घेतलं, त्यात गार पाण्याचं विसण घातलं, हात बुडवून पाहिला, अजून थोडं घातलं. मग पहिला तांब्या पायांवर.

"हां," आईने डोळे मिटले. "आसं."

"कॉइल बराबर चालली ना?" बाहेरून नवरा ओरडला. मी दुसरा तांब्या गुडघ्यांवर घातला.

पाठीवर पाणी पडता पडता आई म्हणाली, "नको गं बाय मला तुजा समुद्र. मी थोरलीकडंच बरी."

जिंकले! मी वळून बहिणीकडे बघितलं. ती नखशिखांत भिजून दाराला टेकून उभी होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल. ती आईच्या पाठीकडे बघत होती.

"आईच्या पाठीवर एवढा मोठा तीळ आहे," ती हळूच म्हणाली, "हे मला आज कळलं, ताई."

तो तीळ मी रोज चोळून धुते. ती शाळेपासूनच बाहेर, मावशीकडे, मग होस्टेलवर. मी म्हणायचे, मजा आहे हिची. ती इतकी वर्षं माझ्यावर जळत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मला शिकव ना," ती म्हणाली. "विसण किती घालायचं ते."

हे शिकवून येत नाही, ते हातात असावं लागतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढं बोलले असते की संपलं. आई कायमची माझ्याजवळ. बहीण चार दिवसांनी एकटी निघून गेली असती आणि मी रोजच्यासारखी चूल पेटवली असती.

आई टॉवेल गुंडाळून गाडीच्या छोट्या खिडकीतून बाहेर हायवेकडे बघत होती. आमच्याकडे चहूकडे डोंगर. समुद्र तिने लग्नाआधी एकदाच पाहिलेला, अलिबागला.

"समुद्राचा वास लांबूनच येतो ना गं?" तिने विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे.

मेलं माझं नशीब! मी बहिणीचा हात धरला आणि बादलीत बुडवला. "डिग्र्या-बिग्र्या विचारायच्या नाहीत. हात बरा वाटला पाहिजे, पण बाहेर काढावासा वाटता कामा नये. ढगाळ असेल तर विसण कमी. रात्री झोप झाली नसेल तर आणखी कमी. आणि तो फवारा आधी काढून टाक."

पुढचे काही दिवस आंघोळ बहिणीने घातली आणि मी दारात उभी राहून चुका काढल्या. एके दिवशी काढायला चूक सापडली नाही. तेव्हा मात्र मी तिथून निघून गेले. दोघी गोव्याकडे निघाल्या तेव्हा माझी बादली आणि तांब्या मीच गाडीत ठेवला.

त्या गेल्यावर नवऱ्याने उरलेले पाइप वापरून न्हाणीत गिझर बसवला. इतकी वर्षं मागितलेला. आता बटण दाबलं की कढत पाणी. आणि ज्या बाईसाठी मागितला ती मालवणात!

फोन आला तेव्हा आई समुद्राबद्दलच बोलत सुटली. मी तिला मध्येच तोडलं.

"पाणी कसं असतं?"

"चांगलं असतं."

"फार कढत नाही ना करत ती? पहिला तांब्या पायांवरच घालते ना?"

"व्हय गं. अगदी तुज्या हातचं. डोळं मिटलं ना, तर तू हायस का ती, कळत बी नाय."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

एक तरी खोड काढायची होती म्हातारीने.