अठराव्या होलवरच्या टाळ्या

मंडळी, गोल्फ खेळून नोएडाला घरी येऊन तास झाला. अजून बूटही काढलेले नाहीत. दमलोय यार.

डॉक्टरांनी बजावलं होतं, स्विंग बदला, नाहीतर खेळ सोडा. कमरेला झटका देऊन मारायची माझी वीस वर्षांची सवय. कोच चार महिने ती मोडतोय. मी रोज सकाळी बाल्कनीत झाडू धरून नवा स्विंग घोटतो.

तरी आज सतरा होल चेंडू झाडीत, नाहीतर पाण्यात. बरोबरचे खन्नाजी आधी सल्ले देत होते, मग नुसते घड्याळ बघू लागले. ते घड्याळ बघणं जास्त लागलं.

अठराव्या होलला डोकंच चालेना. काही विचार न करता मारला. चेंडू लांब, सरळ, मधोमध!

"वाह जोशी साहब, आ गया नया स्विंग!" खन्नाजींनी टाळ्या वाजवल्या.

तो जुनाच होता. कमरेत उसण भरली तेव्हा लक्षात आलं.

दारातच बायकोने विचारलं, "जमलं का रे आज?"

"बिल्कुल," म्हणालो आणि सोफ्यावर बसलो.

आता वाकता येत नाहीये. बूट काढून दे, असं तिला कोणत्या तोंडाने सांगू?