डाव्या कानाखालची दाढी

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारोटीच्या नाक्यावर स्कूटरच्या चाकात हवा भरून घेत होतो. सुनंदावहिनींचा आवाज इतका सरळ होता, की आधी मला वाटलं त्या काहीतरी साधंच विचारताहेत. "भावोजी, हे गेले हो. दाढी करून बाहेर आले, चहा टाक म्हणाले, आणि खुर्चीत बसले ते बसलेच..." दिलीप माझा पाचवीपासूनचा मित्र. तलासरीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर डहाणूला घर करून राहिला. मी पोचलो तेव्हा त्याला हॉलमध्ये ठेवलं होतं आणि शेजारपाजारची माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी त्याच्याजवळ वाकलो. लोकांना वाटलं, पाया पडतोय. मी त्याच्या डाव्या कानाखाली बघत होतो. तिथे, जबड्याच्या कोपऱ्यावर, रुपयाच्या नाण्याएवढी दाढी राहिली होती. नेहमी राहायची तशीच. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की राहिली ना रे, दिल्या. आणि तसं वाटण्यात थोडं समाधानही होतं. मग मला माझीच लाज वाटली आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

याला आता दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, आणि दिलीपबद्दल ते अवघड नाही. त्याचे विद्यार्थी लिहितील, त्याच्या शाळेतले शिक्षक लिहितील. मी त्याच्यावर जळत होतो, ते मात्र माझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही.

माझे वडील, आप्पा, आशागडला सलून चालवायचे. एक खुर्ची, एक आरसा आणि खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला चामड्याचा लांब पट्टा. दाढीआधी वस्तरा त्या पट्ट्यावर फिरवायचा, म्हणजे धार सरळ होते. फिरवताना पात्याची पाठ पुढे ठेवायची आणि धार मागून येऊ द्यायची. उलटं केलं की पट्टा कापला जातो. मी बारा वर्षांचा असताना एका दुपारी आप्पा जेवायला घरी गेलेले बघून वस्तरा हातात घेतला. मी डावखुरा. दहाबारा वेळा छान फिरवला. आप्पांसारखाच चट्‌चट् आवाज यायला लागला, आणि मला इतका आनंद झाला की वळवताना चुकलो. पट्ट्याला बोटभर चीर गेली. मान वर केली तर आप्पा दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी एक थोबाडीत दिली आणि म्हणाले, "हे तुझं काम नाही. पुन्हा दुकानात पाय टाकायचा नाही." आप्पांनी मला त्याआधी कधी मारलं नव्हतं आणि नंतरही मारलं नाही. मी शिकलो, सरकारी कचेरीत चिकटलो, लोक साहेब म्हणायला लागले. पण हे तुझं काम नाही, हे वाक्य माझ्या डाव्या हाताला चिकटून राहिलं. आपला हातच वाकडा, आप्पांनी तो एका नजरेत ओळखला आणि मला बाजूला केलं, असं मी धरून चाललो. इतकी वर्षं मी दाढी केली ती मशीनने, आरशात फारसं न बघता.

दिलीप निवृत्त झाला आणि त्याच्या गळ्यावर पुळ्या यायला लागल्या. वापरून फेकायच्या रेझरने होतं म्हणे असं. त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, ब्रश मागवला, वाटीतला साबण मागवला आणि एका सकाळी आशागडला आमच्या ओटीवर येऊन उभा राहिला. "आप्पा, मला वस्तऱ्याने दाढी करायला शिकवा." आप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. सलून कधीच बंद झालं होतं. त्याच्याही आधी अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आणि त्यांचा जुना, घडीचा वस्तरा धोकटीत, हत्यारांच्या चामडी पिशवीत, गेला तो बाहेर आलाच नव्हता. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. ते उठून बसले. मी त्यांना उठून बसवण्यासाठी दोन वर्षं काय काय केलं होतं, रेडिओ आणला, डॉक्टर बदलला... आणि हा नुसता साबणाची वाटी घेऊन आला.

पहिले पंधरा दिवस आप्पांनी त्याला गालाला वस्तरा लावू दिला नाही. नुसता पट्टा. मग फेस. गरम पाण्याने दाढी भिजवायची, ब्रश गोल गोल फिरवायचा, फेस दह्यासारखा झाला पाहिजे. "घाई असेल तर दाढी वाढव," असं म्हणायचे. दिलीपने व्हिडिओत पाहिलं होतं, की फुगा फुगवून, त्याला फेस लावून, न फोडता तो खरवडायचा. त्याने फुगे आणले. आप्पा म्हणाले, "फुग्याला कधी दाढी आलेली बघितलीस काय रे?" आणि पहिला फुगा फुटला तेव्हा फेस दोघांच्याही चष्म्यांवर उडाला. आप्पा हसता हसता खोकायला लागले. मी आत पेपर वाचत होतो. पेपर माझ्या हातात होता, एवढंच. पाणी घेऊन जायला हवं होतं, पण मी उठलो नाही. बायको पाणी घेऊन गेली.

आप्पांचं अर्धं आयुष्य वाडीवाल्या गुजराती गिऱ्हाइकांच्या दाढ्या करण्यात गेलं. त्यामुळे त्यांच्या तोंडात तो शब्द बसला होता, दिकरा. म्हणजे मुलगा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक तरुणाला ते दिकरा म्हणायचे, आणि आता साठीच्या दिलीपला म्हणायला लागले. "हळू दिकरा, हात सैल सोड." मला ते कायम सुऱ्या म्हणत आले. मला कळत होतं, हा गिऱ्हाइकाशी बोलायचा शब्द आहे, त्यात काही नाही. कळून काय उपयोग? साठीला आलेला माणूस मी, आणि दुसऱ्याला दिकरा म्हटलं म्हणून माझा घास तोंडात फिरायचा.

आणि एक दिवस दिलीपने पट्टा कापला. माझीच चूक, वळवताना धार पुढे. माझ्या चिरेपासून चार बोटांवर दुसरी चीर. माझी एका बाजूला कललेली, त्याची दुसऱ्या. मी दारातच होतो. आता आप्पा काय करतात ते मला बघायचं होतं. आप्पांनी पट्टा हातात घेतला, चिरेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "होतं असं. आता मात्र विसरणार नाहीस." बस. मी चपला घातल्या आणि रानशेतच्या रस्त्याने बराच लांब चालत गेलो. त्या दिवशी मी दिलीपचा जितका द्वेष केला तितका आयुष्यात कुणाचा केला नसेल.

त्याला हे कळत होतं का, मला माहीत नाही. तो येतच राहिला. उजवा गाल, हनुवटी, गळा, सगळं त्याला जमलं. पुळ्या गेल्या, चेहरा असा तुकतुकीत झाला की वहिनी चिडवायच्या. फक्त डावा गाल जमेना. वस्तरा स्वतःच्या डाव्या गालावर चालवायचा तर डाव्या हाताने धरावा, हे त्याला कळत होतं, पण हात वळेना. उजवाच हात तोंडावरून आडवा नेऊन तो कसंबसं उरकायचा आणि कानाखाली ठिपका राहायचा. एकदा तो मुद्दाम मागच्या अंगणात माझ्याकडे आला. "सुऱ्या, तू डावखुरा ना? जरा दाखव ना, कसा धरायचा." मी म्हणालो, "यूट्यूबवर बघ." तो निघाला आणि पुन्हा वळला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मग म्हणाला, "बरं... पुन्हा विचारतो." त्यानंतर दोनदा विचारलं त्याने. मी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढलं. आणि भेटला की पहिलं वाक्य माझं ठरलेलं असायचं, "डावी बाजू राहिली बघ." तो हसून कानाखाली हात न्यायचा.

स्वतः जाण्याआधी महिनाभर आप्पांनी धोकटी माझ्यादेखत दिलीपच्या मांडीवर ठेवली. आत वस्तरा, धार लावायची पथरी आणि गुंडाळलेला पट्टा. "सुऱ्या काही वापरणार नाही. तू वापर." मी म्हणालो, "द्या की." दुसरं काय म्हणणार? आप्पांच्या दहाव्याला दिलीप माझ्यापेक्षा जास्त रडला, आणि मला त्याचाही राग आला.

दिलीपचं तेरावं झाल्यावर वहिनींनी तीच धोकटी माझ्या हातात दिली. "ही तुमच्या घरची. माझ्यामागे सुऱ्याकडेच द्यायची, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." सोबत त्याची साबणाची वाटी, ब्रश आणि एक शाळेची वही होती. घरी येऊन उघडली. मास्तर तो मास्तरच. प्रत्येक धडा प्रयोगासारखा लिहिलेला, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. 'निरीक्षण : हनुवटीवर दोन ठिकाणी कापले. कारण : ओठ आत ओढला नाही.' मी वाचून हसलोसुद्धा. मग एका पानावर डाव्या गालाचं आलं.

'आप्पांना विचारले. म्हणाले, ते मला येत नाही दिकरा. मी जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या, त्याही उजव्या हाताने. डाव्याचं सुऱ्याला विचार. बारा वर्षांचा होता, दारात उभा राहून त्याचा हात बघितला. माझ्यापेक्षा हलका. पट्टा कापला ते निमित्त झालं. तेव्हा हाकललं नसतं तर तो जन्मभर त्या खुर्चीमागे उभा राहिला असता, आणि खूश राहिला असता. म्हणून हाकललं. हे त्याला आत्ता सांगू नको. आपणहून वस्तरा हातात घेईल तेव्हा सांग.'

त्याखाली वेगळ्या पेनाने, 'सुऱ्याला विचारले. यूट्यूबवर बघ म्हणाला. पुन्हा विचारणे.' पुढे, 'पुन्हा विचारले. कामात होता.' आणि मग शेवटपर्यंत, दर चारपाच पानांनी, एकच ओळ. 'डावा गाल : प्रलंबित.' हा माझ्या कचेरीतला शब्द. हजारो फायलींवर मी तो स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

हे वाचून माणसाचं मन निवळतं, असं लोक म्हणतील. माझं निवळलं नाही. वही मिटली आणि मला पुन्हा तीच आग लागली, या वेळी जास्त. मी ज्या एका वाक्यासाठी जन्मभर आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिलो, ते वाक्यही त्यांनी दिलीपलाच दिलं. त्यांच्या तोंडून, त्यांच्या आवाजात त्याने ते ऐकलं, आणि मला मिळाली ती वही. त्याने तीन वेळा ते माझ्या अंगणात आणलं आणि मी तीन वेळा परत पाठवलं, हे खरं आहे. त्याने जळणं कमी होत नाही. जळायला आता समोर माणूसच नाही, एवढाच फरक.

पट्टा मी खिडकीजवळ खिळ्याला टांगला. दोन्ही चिरा दिसतात. काही दिवस नुसता बघत होतो. परवा सकाळी पाणी गरम केलं, दिलीपच्या वाटीतला उरलेला साबण घोळला आणि वस्तरा पट्ट्यावर फिरवला. पाठ पुढे, धार मागे. दोन्ही चिरांवरून तो न अडखळता गेला. मग डाव्या हातात घेतला. उजव्या गालावर कापलं, हनुवटीवर कापलं, गळ्याला तर मी हातच लावला नाही. पण डावा गाल एका दमात झाला, कानापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. हाताला सगळं आधीच माहीत असल्यासारखं. मी बोटं फिरवून बघितली, कानाखाली एक केस राहिला नव्हता. फेस पुसायच्याही आधी मी खुंटीवरची स्कूटरची चावी काढली, दिल्याला दाखवायला डहाणूला जायचं म्हणून.