सतुर्निनाची बटाट्याची पोती

हुलियाका शहरात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी सतुर्निना बाई तशी कुणाला भ्यायची नाही. पण आज तंत्रशाळेच्या वर्गात ती दाराजवळच घुटमळत होती.

नवशिकी पोरं प्रोग्रामचा गृहपाठ घेऊन तिच्या दुकानात यायची. ती आपल्या रीतीनं शिकवायची. आकडा ठेवायची जागा म्हणजे पोतं, आणि पोत्याला नाव बटाट्याच्या जातीचं. एक वायरो, दुसरं पेरुआनिता. पोरांच्या डोक्यात चटकन बसायचं. घात तिथंच झाला. तंत्रशाळेच्या चोकेवान्का सरांना निम्म्या वर्गाच्या गृहपाठात तेच बटाटे सापडले. सगळ्यांनी एकाचं उतरवलंय असं धरून त्यांनी पहिली बोलावली त्यातल्या नेलिदाला, आणि सोबत पोरं जिच्याकडं जायची त्या सतुर्निनाला. चोरी ठरली तर पोरीचं नाव शाळेतनं कटणार होतं.

बाकीच्यांना सतुर्निनानं नुसतं समजावलं होतं. नेलिदाचा गृहपाठ मात्र तिनंच लिहून दिला होता. पोरगी लोकरीच्या अल्पाका जनावरांचा कळप हाकून उशिरा आली, बोटं गारठून आखडलेली, आणि हिला दया आली.

"मावशी, बसू का?" नेलिदानं विचारलं.

"मला काय इचारती? सरास्नी इचार." सतुर्निनानं सरांकडं बोट केलं.

"बस," सर म्हणाले. "एक ते दहाची बेरीज करून दाखव. आणि बाई, तुम्ही भिंतीकडं तोंड करा. तुमच्या भिवया लई बोलतात."

मागं बटणं टकटकली. थांबली. पुन्हा टकटकली.

"हे थांबंना की," सर म्हणाले. "एकाच आकड्यावर अडून बसलंय."

सतुर्निनानं लगेच ओळखलं. पोरगी मोजणी पुढं सरकवायची ओळ विसरली होती. एक शब्द बोलला तर पुरे होतं, आणि तोच बोलायचा नव्हता. मागं सगळं सामसूम. तिच्यानं राहवेना.

"सर, पोरीवर काय लावू नगा. गृहपाठ म्या लिवलाय. बटाट्याची नावं बी सगळ्यास्नी म्याच शिकवली."

तिच्या बोलण्यातच मागं बटणं टकटकली होती. वळून बघते तर पडद्यावर पंचावन्न, अगदी बरोबर. नेलिदाचं बोट अजून बटणावरच होतं.

"मावशी, वाईच दम धरायचा की," ती पुटपुटली.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"गृहपाठाला शून्य," ते म्हणाले. "बेरीज हिला जमते, नाव राहू दे. पण परत हिचं तुम्ही लिहिलंत, तर दोघींनी तोंड दाखवायचं नाही."

सतुर्निना 'व्हय' म्हणाली, आणि आपणहून पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.