ओल्या टॉवेलवाली

मी दोन्ही हातांत पेटते लोखंडी पंखे घेऊन नाचते. कधी हॉटेलच्या गच्चीवर, कधी लॉनवर, कधी कुठल्या कंपनीच्या पार्टीत. सात मिनिटांचा नाच असतो आणि ती सात मिनिटं सगळे माझ्याकडे बघतात. माझ्या मागे चार पावलांवर, अंधारात, आत्या ओला टॉवेल धरून उभी असायची. तिच्याकडे कुणी बघत नसे. मी पेटले तर मला विझवायचं, एवढंच तिचं काम. बारा वर्षं तिने ते केलं आणि बारा वर्षांत माझा नाच एकदाही पाहिला नाही. "मी ज्वाळा बघते. तुला कशाला बघू, तुला घरी बघतेच की," असं म्हणायची. मला याचा भारी राग यायचा.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. माझ्यामागे उभी राहायच्या आधी वीस वर्षं तिने एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. हजारो चादरींच्या घड्या बसवल्या, संसाराची तेवढी राहिली, असं तीच हसत सांगायची. कापड करपायच्या आधी एक गोडसर वास येतो, तो तिला दहा पावलांवरून कळायचा. टॉवेल सुतीच हवा, तोही असा पिळलेला की थेंब गळता कामा नये, नाहीतर माझा पाय घसरेल. एकदा मी घाईत तो टॉवेल खुर्चीवर वाळत टाकला, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमचा एक रिवाज होता. पंखे पेटवायच्या आधी सगळे दिवे घालवतात. मी लोकांकडे तोंड करून उभी असते आणि मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. पंखे पेटले की तर बाहेर नुसता काळोख. म्हणून मी विचारायचे, "आहेस का?" मागून आवाज यायचा, "आहे." मग काडी ओढायची. उत्तर आलं नाही तर पंखे पेटवायचे नाहीत, मग समोर कुणी का बसलेलं असेना.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदाव्या मजल्यावरची गच्ची होती. दिवे गेले, मी विचारलं, "आहेस का?" मागून आत्या म्हणाली, "आहे." मी सात मिनिटं नाचले, पंखे विझवले, दिवे आले. वळून बघते तर मागे कुणी नाही. बादलीत पाणी, काठावर टॉवेल, तोही कोरडा ठणठणीत. दहा मिनिटांनी आत्या जिन्याने धापा टाकत वर आली. बरोबर लिफ्टवाला. बादली भरून ठेवून ती खाली गेली होती, वर येताना लिफ्ट मध्येच अडकली आणि दोघं अर्धा तास आत होती.

"मग बोललं कोण?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? मी लिफ्टमध्ये होते."

आमचा ड्रमवाला बाजूला ड्रम बांधत होता. तो म्हणाला, "मीही ऐकलं की. आत्याच बोलल्या."

आत्या खाली बसली. घाबरली असेल असं मला वाटलं, पण ती चिडली होती. कुणीतरी तिची जागा परस्पर घेतल्यासारखी चिडली होती. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "आहे म्हणायला काय जातंय? हातात टॉवेल होता का त्याच्या?"

मला रात्रभर तेच वाक्य छळत राहिलं. मी पेटले असते तर तो आवाज नुसता 'आहे, आहे' म्हणत उभा राहिला असता.

मग आत्याने रिवाजच बदलला. आवाज बंद. दिवे गेले की ती पुढे येऊन ओला तळहात माझ्या मानेवर ठेवायची आणि परत चार पावलं मागे जायची. गार, जाडसर, इस्त्रीने निबर झालेला तळहात. असा हात दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही, असं मी धरून चालले. पावणेदोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग ती लॉनवरची संध्याकाळ. लॉनवरचा नळ कोरडा होता म्हणून आत्या बादली घेऊन लोकांच्या खुर्च्यांमागच्या स्वयंपाकघराकडे गेली. दिवे गेले. मी थांबले. ड्रम सुरू झाला, तरी मी थांबले. मग मानेवर हात आला. गार, ओला, निबर. पाण्याचा एक ओघळ पाठीवरून खाली गेला. मी काडी ओढली.

तिसऱ्या मिनिटाला डाव्या बाहीने पेट घेतला. अशा वेळी धावायचं नाही, हात पसरून जागच्या जागी उभं राहायचं, दोन सेकंदांत टॉवेल येतो. मी उभी राहिले. एक, दोन, तीन, चार. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना तो नाचाचाच भाग वाटला. तेवढ्यात समोरून, लोकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत, आत्या धावत उजेडात आली. बादली तिने वाटेतच टाकली होती. ती सरळ माझ्या अंगावर आली आणि दोन्ही हातांनी माझी बाही दाबून धरली, विझेपर्यंत.

माझ्या दंडावर एक डाग राहिला. तिचे दोन्ही तळहात भाजून गेले. डॉक्टर म्हणाले, चार महिने बँडेज, पुढचं पुढे बघू. मी रडले, तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बादली घेऊन परत येताना वास आला मला. तू हात लागल्याशिवाय पेटवणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणजे हात लागला होता ना?"

मी मान डोलावली.  पंखे मी माळ्यावर टाकले.

आता मी तिला भरवते, तिचे केस विंचरते, एक दिवसाआड ड्रेसिंगला नेते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि खिडकीशिवाय. तिला कठडा धरता येत नाही, गुडघेही कुरकुरतात. म्हणून मी एक पायरी खाली उभी राहते आणि ती माझ्या खांद्यावर कोपर टेकून भार टाकत उतरते. घरातल्या उजेडातून आल्यावर तिला जिन्यात काही दिसत नाही. भार टाकायच्या आधी ती विचारते, "आहेस का?" मी म्हणते, "आहे." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं, याची तिला गंमत वाटायची.

परवा सकाळी निघताना मी फाईल विसरले. "थांब गं," म्हणून आत गेले. तिने ते ऐकलं नसावं. मी फाईल घेऊन दारात आले तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती. खालच्या काळोखाकडे बघत तिने विचारलं, "आहेस का?"

मी तोंड उघडलं, पण खालून उत्तर आलं, "आहे."

माझा आवाज. सकाळपासून माझं नाक चोंदलं होतं. त्या आवाजाचंही चोंदलं होतं.

आत्याने कोपर पुढे केलं आणि भार टाकला. मी तिच्या स्वेटरची पाठ दोन्ही मुठींत धरली आणि मागे ओढली. आम्ही दोघी धाडकन उंबऱ्यावर बसलो. फाईल पायऱ्यांवरून खाली गेली. तिचे कागद कुठे थांबले ते दिसलं नाही.

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली.  मी कुठे होते, हे तिने विचारलं नाही. बँडेजचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून ती हळूच म्हणाली, "तुझाही आवाज शिकलं ते."