बाबांची लाडकी सूज

नागपुरात आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. कोणीही आजारी पडलं तरी सरकारी दवाखान्यातली एकच बाटली सगळ्यांना पुरवली जायची. ज्याचं तोंड जास्त वाकडं होई, त्याला औषध लागू पडलं असं बाबा समजत. ते सरकारी कचेरीत शिपाई होते. बदली होऊन दिल्लीला आले आणि इथे मी बी.ए. झाले, खानदानातली पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते.

बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा इम्युनोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. ना केस गळले, ना उलटी झाली. बाबा नाराज. "नुसतं पाणी भरलंय यात. समोरच्या फ्लॅटवाल्याचे बघ, केमोने सगळे केस गेले. त्याला म्हणतात औषध!"

चौथ्या डोसनंतर बोटं सुजली, मग गुडघे. बाबा एकदम खूश. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघे दाखवायचे. "देखो, दवा लग गई!"

"मिरवा," आई म्हणाली. "आणि शर्टाची बटणं मी लावते, तेही सांगा." मग माझ्याकडे वळली, "तू शिकलेली ना? तो हॉस्पिटलचा कागद वाच."

तो मी पहिल्याच दिवशी वाचून फाईलला लावला होता. सांधे सुजले तर ताबडतोब कळवा, असं त्यात स्वच्छ छापलेलं. मी मात्र दिल्लीची थंडी समजून गप्प राहिले होते.

पुढच्या खेपेला डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कैसे हैं?"

"बिल्कुल बढ़िया," बाबा म्हणाले. हात शालीत. मॅडमनी सूज उतरवली तर औषधाचा गुणही जाईल, ही भीती. आईने सरळ शाल ओढली.

मॅडमनी बोटं दाबून पाहिली. औषधाने शरीराचे पहारेकरी जागे झालेत, म्हणाल्या, पण ते आता घरच्यांनाच बडवतायत. वाढत गेलं तर औषध बंद करावं लागेल.

बाबांचा चेहरा उतरला. "अरे, तो फिर सूजन उतार दो ना!"

"बाकावर काय सांगणार आता?" आईने विचारलं.

"तू गप्प बस गं."

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, पुढचा डोस लांबला. बाबा दिवसातून दहा वेळा मूठ वळून बघत आणि मलाही बघायला लावत. गोळ्यांनी भूक वाढली, भांडायचा जोरही.

सूज उतरली. मॅडमनी औषध पुन्हा सुरू केलं. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली.